पुण्यवंत होण्याची किंमत : गो. नी. दांडेकर यांचे जीवन, अध्यात्म आणि ‘जैत रे जैत’

प्रस्तावना

मराठी कादंबरीच्या इतिहासग्रंथांत गोपाळ नीळकंठ दांडेकर (१९१६-१९९८) यांचे नाव साधारणपणे तीन निरनिराळ्या प्रकरणांत येते. ‘शितू’ आणि ‘पडघवली’चे लेखक म्हणून ते प्रादेशिक कादंबरीच्या प्रकरणात भेटतात. ‘मोगरा फुलला’, ‘तुका आकाशाएवढा’ आणि ‘दास डोंगरी राहतो’ या कादंबऱ्यांमुळे संतचरित्रात्मक लेखनाच्या प्रकरणात त्यांचा उल्लेख होतो. गडकिल्ल्यांवरील पुस्तके आणि शिवकालावरील कादंबऱ्या यांमुळे तिसऱ्या ठिकाणीही त्यांची नोंद घेतली जाते. ही विभागणी वर्गात शिकवताना सोयीची ठरते. मात्र तिच्यामुळे एक गैरसमज रूढ झाला आहे. गोनीदांचे अध्यात्म त्यांच्या संतचरित्रांत आहे आणि उरलेल्या कादंबऱ्यांत केवळ माती, बोली व निसर्ग आहे, असे आपण गृहीत धरून चालतो.

प्रस्तुत निबंधाचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. संतांवर लिहिताना गोनीदांची भूमिका भक्ताची आहे, आणि भक्ताला प्रश्न फारसे पडत नाहीत. ज्या कादंबऱ्यांत संत नाहीत, तेथे मात्र त्यांनी अध्यात्माची कठोर परीक्षा घेतली आहे. पुण्य मिळवू पाहणाऱ्या माणसाच्या पुण्याची किंमत प्रत्यक्षात कोण मोजतो, हा तेथील प्रश्न आहे. तो सर्वांत उघडपणे ‘जैत रे जैत’मध्ये येतो आणि ती कादंबरी कर्नाळ्याच्या परिसरातील ठाकरांची आहे. पनवेल परिसरातील महाविद्यालयांत अध्यापन करणाऱ्यांनी या लेखकाकडे पुन्हा वळून पाहावे, याचे हेही एक कारण आहे.

परतवाडा ते तळेगाव

गोनीदांचा जन्म ८ जुलै १९१६ रोजी अमरावती जिल्ह्यातील परतवाडा येथे झाला. १९३० च्या सुमारास, म्हणजे वयाच्या अवघ्या तेराव्या वर्षाच्या आगेमागे, महात्मा गांधींच्या हाकेला प्रतिसाद देऊन त्यांनी शाळा आणि घर दोन्ही सोडले. त्यांचे औपचारिक शिक्षण तेथेच संपले. पुढील सुमारे पंधरा-सोळा वर्षांचा काळ भ्रमंतीचा आहे. या काळाचे मुख्य साधन म्हणजे त्यांचीच ‘स्मरणगाथा’. या पुस्तकाला १९७६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. इतिहासाच्या अभ्यासकाने ते वाचताना एक पथ्य पाळणे आवश्यक आहे. ‘स्मरणगाथा’ ही आत्मकथनात्मक कादंबरी आहे. घटना घडून गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी, हात पुरता बसलेल्या कादंबरीकाराने ती लिहिली आहे. संवाद, प्रसंगांची जुळणी आणि भावनांचा चढउतार यांत कादंबरीकाराचे कसब आहेच. त्यामुळे तिथीवार घटनाक्रमासाठी तिच्यावर विसंबणे योग्य नव्हे. परंतु १९३० च्या दशकातील एका मध्यमवर्गीय ब्राह्मण मुलाला राष्ट्रकार्य आणि संन्यास या दोन वाटा एकाच वेळी कशा खुणावत होत्या, याचा इतका सविस्तर पुरावा मराठीत अन्यत्र क्वचितच सापडेल.

आज या दोन वाटा आपल्याला वेगळ्या वाटतात. त्या काळी त्या एकमेकींत मिसळलेल्या होत्या. स्वातंत्र्यासाठी घर सोडणाऱ्याला लोक ‘त्यागी’ म्हणत आणि भगव्या वस्त्रातील माणसालाही तोच शब्द लावत. चळवळीसाठी निघालेला हा मुलगा गाडगे महाराजांपाशी पोहोचला, यात त्यामुळे आश्चर्य नाही. गाडगे महाराज (१८७६-१९५६) हे अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावाला कीर्तन ऐकवायचे, ही त्यांची रीत सर्वपरिचित आहे. त्यांच्या सहवासात राहून, त्यांचा संदेश घेऊन गोनीदा गावोगाव हिंडले. पुढे त्यांनी वेदान्ताचा अभ्यास केला, औंध येथे पंडित सातवळेकरांच्या सहवासात काही काळ काढला आणि नर्मदेची परिक्रमाही केली.

या प्रवासातील पहिल्या दोन टप्प्यांत एक मूलभूत ताण आहे आणि गोनीदांच्या सर्व लेखनाच्या मुळाशी तो असावा, असे मला वाटते. समोरची घाण खरी आहे, ती उचलली पाहिजे, असे खराटा सांगतो. शांकर वेदान्त मात्र हे दृश्य जगच मिथ्या ठरवतो. या दोहोंचा तात्त्विक समन्वय करणारे ग्रंथ आपल्याकडे पुष्कळ आहेत. गोनीदा त्या वाटेला गेले नाहीत. ते मठात स्थिरावले नाहीत, त्यांनी संप्रदाय काढला नाही, शिष्य जमवले नाहीत. ज्या वर्षी देश स्वतंत्र झाला त्याच १९४७ साली त्यांनी केवळ लेखनावर उपजीविका करण्याचे ठरवले आणि पुढे तळेगाव दाभाडे येथे संसार मांडला. परिव्राजकाने गृहस्थाश्रमात परतणे ही आपल्या परंपरेत काहीशी कमीपणाची गोष्ट मानली जाते. ज्ञानेश्वरांच्या आईवडिलांची कथा सर्वांना ठाऊक आहेच. गोनीदांनी या परतण्याबद्दल कोठे खंत बाळगलेली दिसत नाही.

पुढील तपशील येथे थोडक्यात पुरे. पन्नासच्या दशकात त्यांच्या महत्त्वाच्या कादंबऱ्या एकामागून एक प्रसिद्ध झाल्या. १९८१ साली अकोला येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १ जून १९९८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या कन्या आणि मराठीच्या प्राध्यापक डॉ. वीणा देव यांनी ‘आशक मस्त फकीर’ हे त्यांचे चरित्र लिहिले, तसेच त्यांच्या कादंबऱ्यांच्या अभिवाचनाची परंपरा अनेक वर्षे चालवली. वीणाताईही २०२४ मध्ये निवर्तल्या.

भिक्षेचे ऋण

परिक्रमेचे नियम सर्वांना माहीत आहेत. नर्मदामाई उजव्या हाताला ठेवायची, प्रवाह ओलांडायचा नाही, जवळ संग्रह करायचा नाही आणि काठावरचे लोक देतील त्यावर राहायचे. धार्मिक वाङ्मयात या नियमांचे विवेचन साधकाच्या बाजूने होते. अपरिग्रहामुळे साधकाचा अहंकार कसा गळतो, हे तेथे सांगितले जाते. भिक्षा वाढणाऱ्या घराकडे मात्र कोणी वळून पाहत नाही. त्या घरात त्या दिवशी पीठ किती होते, ते कोणी दळले आणि परिक्रमावासी जेवून पुढे गेल्यावर मागे कोण उपाशी राहिले, हे प्रश्न माहात्म्यग्रंथांत येत नाहीत.

‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ (१९५७) ही कादंबरी या दृष्टीने वाचावी. तिच्या नायकाला नाव नाही. तो ‘कुणी एक’ आहे. नाव टाकणे हे संन्यासाचे लक्षण खरे, परंतु कादंबरी वाचताना उलटच अनुभव येतो. बिननावाचा तो साधक हळूहळू पुसट होत जातो आणि काठावर भेटणारी नावाची माणसे ठसठशीत होत जातात. यशोदेच्या रूपाने स्नेह त्याच्या वाटेत उभा राहतो. परिक्रमेचे व्रत सांभाळायचे तर तो स्नेह मागे टाकावा लागतो. व्रत निभावले जाते, पण वाचकाचे मन त्या व्रतापाशी न थांबता यशोदेपाशी रेंगाळते. लेखकाने हे नकळत केले असे म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरेल.

गोनीदांच्या प्रादेशिक कादंबऱ्यांचे मूळही याच ऋणात शोधता येते. ज्या ज्या प्रदेशाने त्यांना पोसले, त्या त्या प्रदेशाची बोली त्यांनी कादंबरीत आणली. ‘पूर्णामायची लेकरं’ (१९५७) वऱ्हाडीत आहे. ‘पवनाकाठचा धोंडी’ (१९५५) मावळच्या बोलीत बोलतो. ‘पडघवली’ (१९५५) कोकणातील अंबावहिनीच्या तोंडून सांगितली जाते आणि एका खोताच्या घराबरोबर एक गाव कसे ओस पडत जाते, हे आपल्याला तिच्या शब्दांत कळते. श्री. ना. पेंडसे यांची ‘गारंबीचा बापू’ (१९५२) आणि व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ (१९५५) याच काळातील आहेत. त्यामुळे बोलीचा वापर ही एकट्या गोनीदांची कामगिरी नव्हे. परंतु पेंडसे व माडगूळकर हे मुख्यतः आपल्या ओळखीच्या एका प्रदेशात खोल उतरले. गोनीदांनी चार-पाच बोली हाताळल्या, कारण चार-पाच प्रदेशांत ते पाहुणे म्हणून, अनेकदा भिक्षेकरी म्हणून राहिले होते. या बोली त्यांच्या कानात कीर्तनाच्या मांडवात आणि परक्या ओसरीवर साठल्या. गाडगे महाराजांचे कीर्तन श्रोत्यांना प्रश्न विचारत, त्यांच्याकडून उत्तरे काढून घेत पुढे सरकत असे. गोनीदांची कादंबरी डोळ्यांनी वाचण्यापेक्षा मोठ्याने वाचली असता अधिक खुलते, हा त्यांच्या वाचकांचा अनुभव आहे. त्याचा संबंध या कीर्तनाशी असावा, असे मानण्यास जागा आहे.

‘माचीवरला बुधा’ (१९५८) ही छोटी कादंबरी येथे विशेष उल्लेखनीय आहे. मुंबईत आयुष्य घालवलेला म्हातारा बुधा राजमाचीवर परत येतो आणि झाडे, पाखरे, एक कुत्रा यांच्या संगतीत एकटा राहतो. शास्त्रात सांगितलेला वानप्रस्थ तो हाच. पण बुधाने शास्त्र वाचलेले नाही, त्याला कोणी दीक्षा दिलेली नाही आणि आपण काही मोठे करीत आहोत हे त्याच्या गावीही नाही. आध्यात्मिक कादंबरी म्हणून मला गोनीदांची एकच कादंबरी निवडायला सांगितली, तर ‘मोगरा फुलला’ बाजूला ठेवून मी ‘माचीवरला बुधा’ निवडीन.

याउलट ‘आम्ही भगीरथाचे पुत्र’ (१९५९) मध्ये भाक्रा-नानगलच्या धरणाला गंगावतरणाच्या पुराणकथेचा साज चढवलेला आहे. पंडित नेहरू धरणांना नव्या भारताची मंदिरे म्हणत होते, तो हा काळ. पुराणकथेची चौकट येथे उत्साहाला उपयोगी पडली, पण पाण्याखाली जाणाऱ्या गावांकडे पाहण्याची गोनीदांची नेहमीची नजर या चौकटीत काहीशी मंदावली, असे म्हणावे लागते.

लिंगोबाचा डोंगर

पनवेलहून मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेकडे सुमारे १२ किलोमीटर गेले की कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. किल्ल्याच्या माथ्यावर उभा असलेला, अंगठ्याच्या आकाराचा हा कातळ दूरवरूनही ओळखता येतो. पायथ्याच्या जंगलात १९६८ साली पक्षी अभयारण्य स्थापन झाले. किल्ल्याचा लिखित इतिहास बराच आहे. १६५७ साली तो शिवाजी महाराजांच्या ताब्यात आला आणि १८१८ साली इंग्रजांनी घेतला. शिरढोणचे आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे आजोबा या किल्ल्याचे किल्लेदार होते, हेही पनवेलकरांना ठाऊक असते. किल्लेदारांची नावे कागदपत्रांत राहतात. डोंगराच्या कुशीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या ठाकरांचे नाव अशा कागदात शोधूनही सापडत नाही. दुर्गप्रेमी गोनीदांनी कर्नाळ्यावर कादंबरी लिहायची ठरवली, तेव्हा किल्लेदाराला बाजूला ठेवून ठाकराला नायक केले, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने मुद्दाम लक्षात घ्यावी अशी आहे.

कथा थोडक्यात अशी. नाग्या हा भगताचा मुलगा आणि ढोल वाजवण्यात तरबेज. लिंगोबाच्या डोंगरावर मधमाश्यांची मोहोळे आहेत आणि तेथील राणीमाशी केवळ पुण्यवंताला दिसते, अशी समजूत तो लहानपणापासून ऐकत आलेला आहे. त्यामुळे पुण्यवंत व्हायचे आणि तिला पाहायचे, हा त्याचा ध्यास. त्यासाठी तो स्वतःवर बंधने घालून घेतो. पण माशा त्याच्यावर तुटून पडतात आणि त्याचा एक डोळा जातो. इतके नीतीने वागूनही हे फळ मिळाले, याचा जाब तो कोणाला विचारणार? त्याच्या मनातील भक्तीची जागा सूड घेतो. लिंगोबावरची मोहोळे उतरवायचीच, असा तो निर्धार करतो. नको असलेल्या नवऱ्यापासून सुटका करून घेऊन त्याच्याकडे आलेली चिंधी या निर्धारात त्याला साथ देते. शेवटी नाग्याची जीत होते. त्या जितीत चिंधी प्राणाला मुकते.

या कथेत साधनेचा संपूर्ण आराखडा आहे. ध्येय, यमनियम, गुरुस्थानी असलेला बाप, दर्शनाची आस आणि पतन हे सारे त्यात आले. वेदान्ताचा विद्यार्थी असलेल्या लेखकाने साधकाची वाटचाल ठाकराच्या वाडीत नेऊन तपासली, असे म्हणता येईल. आणि तेथे ती टिकली नाही. पुण्य केले की दर्शन घडते हा हिशेब चुकला. एवढ्यावर कथा थांबली असती तर ती नास्तिकाची कथा झाली असती. गोनीदा आणखी पुढे जातात. देवावर रागावलेला नाग्याही साधकासारखाच एकाग्र आहे. आधी पुण्यासाठी आणि नंतर सुडासाठी त्याचे डोळे सतत वर, सुळक्याकडे लागलेले असतात. शेजारी चढणाऱ्या चिंधीकडे त्याचे लक्ष नाही. भक्ती आणि सूड या दोहोंची किंमत तिनेच मोजली.

तेराव्या वर्षी घरातून निघून गेलेल्या मुलाने प्रौढपणी ही कथा लिहिली, हे विसरता येत नाही. चरित्र आणि कथा यांची सरळ जोडणी करण्याचा मोह टाळावा हे खरे. तरीही ‘भ्रमणगाथे’तील यशोदा आणि ‘जैत रे जैत’मधील चिंधी या दोघी शेजारी ठेवल्या, की पुरुषाच्या साधनेच्या वाटेवर मागे राहणाऱ्या अथवा बळी जाणाऱ्या स्त्रीचा प्रश्न लेखकाला सोडत नव्हता, असे दिसते. ‘मृण्मयी’मध्ये (१९७०) त्याने वेगळी मांडणी करून पाहिली. तेथे साधक स्वतः स्त्रीच आहे. वऱ्हाडात वाढलेली मनू कोकणच्या मातीच्या ओढीने त्या घरात येते आणि चूल, शेण, पाणी यांच्या रगाड्यात राहून आपली भक्ती सांभाळते. तिला घर सोडून जाण्याची मुभा नाही. परिक्रमेला निघणाऱ्या ‘कुणा एका’ला जे सहज मिळाले, ते मनूला मागताही आले नाही. मात्र तिच्या साधनेपायी दुसऱ्या कोणाचा बळी गेला नाही, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

‘जैत रे जैत’वर १९७७ साली जब्बार पटेल यांनी चित्रपट केला. मोहन आगाशे यांचा नाग्या, स्मिता पाटील यांची चिंधी, ना. धों. महानोर यांची गीते आणि हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत यांमुळे तो इतका लोकप्रिय झाला की मूळ कादंबरी काहीशी मागे पडली. वर्गात विद्यार्थ्यांना विचारले, तर गाणी बहुतेकांना पाठ असतात. कादंबरी वाचलेला एखादाच निघतो. गाडगे महाराजांवरील ‘देवकीनंदन गोपाला’ हा चित्रपटही १९७७ चाच. त्यात डॉ. श्रीराम लागू यांनी महाराजांची भूमिका केली होती आणि त्यातही गोनीदांची लेखणी होती. एकाच वर्षी पडद्यावर आलेल्या या दोन चित्रपटांत गोनीदांच्या अध्यात्माची दोन टोके दिसतात. एकात माणसांकडे पाहणारा साधू आहे, तर दुसऱ्यात माणसाकडे पाहायचे राहून गेलेला साधक.

दोन नाग्या

‘जैत रे जैत’कडे ठाकर समाजाच्या इतिहासाचे साधन म्हणून पाहताना सावधगिरी बाळगावी लागते. राणीमाशी आणि पुण्यवंत यांची कल्पना कथेच्या रचनेत इतकी चपखल बसते, की त्यातील लोकसमजुतीचा भाग किती आणि कादंबरीकाराच्या प्रतिभेचा किती, हे केवळ कादंबरी वाचून ठरवता येणार नाही. सुळक्याच्या कपारींत आग्या मोहोळे बसतात, हे मात्र गडावर जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. त्यांच्यामुळेच तेथे धूर आणि गोंगाट करू नये असे सांगितले जाते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कादंबरीतील मुख्य संघर्ष माणूस आणि देव यांच्यातील आहे. याच डोंगररांगांतील आदिवासींचा दुसरा एक संघर्ष वनकायद्याशी होता. गोनीदांनी घर सोडले त्याच सुमारास, २५ सप्टेंबर १९३० रोजी, उरणजवळच्या चिरनेर येथे जंगल सत्याग्रह झाला आणि त्यावर पोलिसांनी गोळीबार केला. त्यातील हुतात्म्यांपैकी एकाचे नाव नाग्या महादू कातकरी. कादंबरीतील नाग्या ठाकर आहे, चिरनेरचा नाग्या कातकरी. दोन्ही समाज वेगळे आणि हे नाव आदिवासींत रूढ असलेले. या नामसाम्यावरून काहीही सिद्ध होत नाही आणि ते करूही नये. पण पनवेल-उरण भागातील वाचकाला एका नाग्याबद्दल वाचताना दुसरा आठवल्यावाचून राहत नाही. एकाने आपल्या दुःखाचा जाब लिंगोबाला विचारला, दुसऱ्याने सरकारला. गोनीदांनी पहिला नाग्या निवडला, कारण त्यांच्या स्वतःच्या आयुष्याचा प्रश्न त्या नाग्यापाशी होता. १९३० साली चळवळीसाठी निघालेल्या त्या मुलाची वाट पुढे जिकडे वळली, ते पाहता ही निवड समजण्यासारखी आहे.

दुसऱ्या नाग्याचा इतिहास चिरनेरच्या स्मारकाने आणि स्थानिक अभ्यासकांनी काही प्रमाणात जपला आहे. पहिल्या नाग्याच्या मागे असलेली लोकपरंपरा, म्हणजे सुळक्यावरच्या देवाविषयी, मोहोळांविषयी आणि मध काढण्याच्या विधिनिषेधांविषयी कर्नाळ्याच्या आसपासच्या वाड्यांतील वृद्ध ठाकर काय सांगतात, हे त्यांच्याच बोलीत नोंदवून घेण्याचे काम पनवेल परिसरातील मराठी व इतिहास विभागांना संयुक्तपणे करता येईल. २०१६ साली पनवेल महानगरपालिका झाली आणि २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. या वाड्यांतील तरुण रोजगारासाठी शहराकडे वळणे आता स्वाभाविक आहे. प्रश्नावली तयार करताना एक प्रश्न कादंबरीतूनच घ्यावा : राणीमाशी पाहिलेला पुण्यवंत तुमच्या ऐकण्यात कोणी आहे काय, आणि तो डोंगर चढला तेव्हा त्याच्याबरोबर कोण होते?